प्रमाण नमुना

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी थोरल्या भावाने धाकट्या भावाच्या हातात लघवीची बाटली ठेवली. थोरला पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारात उभा होता, धाकटा जिन्यात. बाटली आदल्या संध्याकाळी औषधाच्या दुकानातून आणलेली, नवी कोरी होती. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर फळ्यावर लिहावं तशा अक्षरांत नाव, वय सदुसष्ट, वेळ पाच पन्नास आणि शेवटी, खाली रेघ मारून, 'निरोगी' असं लिहिलं होतं.

"पन्नास मिली म्हणाला होतास. शंभर दिलीय," थोरला म्हणाला. "उरली तर परत आणू नकोस."

"नाही दादा."

"आणि निकाल आला की सांग. म्हणजे यंत्र नीट जुळलं का, ते."

आतून वहिनींचा आवाज आला, "भावजी, येताना मुंग्यांची पावडर आणा हो! न्हाणीघरात नुसता सुळसुळाट झालाय."

धाकट्याने दोघांनाही हो म्हटलं, बाटली जाकिटाच्या आतल्या खिशात घातली आणि तो दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर गेला. कुठलंही यंत्र जुळवायचं नव्हतं. ही बाटली त्याच्या बायकोच्या नावाने प्लास्टिक सर्जनच्या दवाखान्यात जाणार होती, आणि बायकोच्या समजुतीप्रमाणे ती त्याची स्वतःची असणार होती.

धाकट्याला बाजारात सगळे काटेवाला म्हणत. दुकानांतले वजनकाटे, दवाखान्यांतली मापकं, प्रयोगशाळांतली लहानसहान यंत्रं तपासून जुळवून द्यायची, हे त्याचं बावीस वर्षांचं काम होतं. त्याच्याकडे मखमलीचे खाचे असलेली एक लाकडी पेटी होती आणि त्या खाच्यांत पितळेची प्रमाण वजनं होती. ती तो पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय उचलत नसे, कारण बोटांच्या घामानेही वजनात फरक पडतो. दुकानदार हुज्जत घालायला लागला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. "काटा आणि प्रमाण यांचं जुळलं नाही, तर चूक काट्याचीच." घरात आल्यागेल्याला हे वाक्य पाठ झालं होतं. थोरल्या भावालाही झालं होतं, हे पुढे महाग पडलं.

बायको चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवून देत असे. त्या दुकानात लहान-मोठे मिळून चौदा आरसे होते. गिऱ्हाईक स्वतःला एका आरशात बघे, ती दिवसभर स्वतःला चौदा आरशांत बघे. पन्नाशी ओलांडल्यापासून तिच्या गालांनी आणि हनुवटीखालच्या कातडीने खालची वाट धरली होती. तिला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. पण गेली तीन वर्षं भेटेल तो माणूस तिला एकच प्रश्न विचारत होता. "दमलीस का गं?" रविवारी दुपारी झोपून उठल्यावर विचारत. सुट्टीवरून परत आल्यावर विचारत. नवरा तर घरात पाऊल टाकताना विचारी, चपला काढता काढता, उत्तराची वाट न बघता. ती दमलेली नसे. तो तिचा चेहरा होता.

"मला तरुण दिसायचं नाहीये," तिने सर्जनबाईंना पहिल्याच भेटीत सांगितलं. "मला फक्त हा प्रश्न नकोय."

सर्जनबाईंनी गालाची कातडी दोन बोटांनी उचलून मागे नेऊन दाखवली आणि मग विचारलं, "सिगरेट किती?"

"सात-आठ."

"सहा आठवडे एकही नाही. पॅच नाही, निकोटिनचं च्युइंगम नाही. ओढणाऱ्यांची कातडी जागेवर धरत नाही, काळी पडते. बेचाळिसाव्या दिवशी सकाळची पहिली लघवी आणून द्यायची. त्यात काही निघालं, तर मी हात लावणार नाही."

सिगरेट ही त्या नवरा-बायकोची एकुलती एक सामाईक सवय होती. स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत दोन खुर्च्या आणि मधे राखेसाठी बिस्किटांचा एक डबा, असा सव्वीस वर्षांचा संसार होता. मुलगा शिकून परगावी गेल्यानंतर तर दोघं बोलत ते तिथेच. त्यामुळे तिने सोडायचं ठरवलं तेव्हा तोही म्हणाला, "तू एकटीनं काय सोडायची? मीही सोडतो." तिचे डोळे भरून आले. डबा घासून त्यात बटणं ठेवली गेली. शस्त्रक्रियेचं दोघांनी कोणाला सांगितलं नाही, खालच्या मजल्यावर तर नाहीच. दादा शाळेत कवायतीचे शिक्षक होते. त्यांच्या मते माणसाच्या चेहऱ्याला थंड पाणी आणि सरळ पाठ एवढं पुरेसं होतं.

तिने सोडली. त्याने चार दिवस सोडली.

पाचव्या दिवशी तो एका गोदामाचा मोठा काटा जुळवून गाडीत येऊन बसला आणि हातमोजे काढायचं विसरला. मग त्याच्या लक्षात आलं की हातमोजे असले की बोटांना वास लागत नाही. तेव्हापासून तो दिवसाला चार सिगरेटी गाडीत, खिडकी उघडी ठेवून, प्रमाण वजनांचे पांढरे हातमोजे घालून ओढत होता. नंतर पुदिन्याच्या गोळ्या खाई आणि दुसरा शर्ट घाली. मजा कसलीही येत नव्हती. संध्याकाळी गॅलरीत बायको रिकाम्या हातांनी खुर्चीत बसे आणि म्हणे, "आज फार ओढावीशी वाटली. तुला?" तो म्हणे, "मलाही." मग ती आणखी काही सांगे, लहानपणीचं, आईचं, कधीच न सांगितलेलं काही. धुरात इतकी वर्षं जे राहून गेलं होतं ते ती आता बोलत होती, आणि तो गालात पुदिन्याची गोळी धरून ऐकत होता.

चाळिसाव्या दिवशी, शनिवारी, दुकानात एक वयस्कर बाई नवा चष्मा घ्यायला आली. बायकोने तिच्या कानांमागे दांड्या बसवल्या, नाकावरची पट्टी दाबली, आरसा पुढे धरला. बाईने आरशात पाहिलंच नाही. तिने चष्म्यातून समोर पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, आता कसं स्वच्छ दिसतंय! किती दमलीयेस तू!"

बायको दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर गेली. शेजारचा केस कापणारा तिथे उभा होता. त्याच्याकडून तिने एक घेतली आणि अर्धी ओढून पायाखाली चिरडली.

हे तिने रविवारी संध्याकाळी सहा वाजता गॅलरीत सांगितलं. रडत सांगितलं.

"अर्धीच ना?" तो म्हणाला.

"अर्धी काय न् एक काय! उद्या तपासतील. चाळीस दिवस दात-ओठ खाऊन काढले मी, आणि एका म्हातारीच्या बोलण्यावरून…" तिने नाक पुसलं. मग ती थांबली आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघू लागली की त्याला खुर्ची मागे सरकवावीशी वाटली.

"तुझी दे."

"काय?"

"बाटली फक्त नेऊन द्यायचीय. तू बेचाळीस दिवस हात नाही लावलास. तुझी दिली तर कोणाला कळणार आहे? त्यात बाईमाणूस-पुरुषमाणूस कळतं का?"

"यंत्र तेवढी चौकशी करत नाही," तो म्हणाला. जाणकार म्हणून हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप गेलं, आणि गेल्यावर त्याला कळलं की आता नकार द्यायला जागाच उरली नाही. त्याच दुपारी त्याने काटा पोचवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन दोन ओढल्या होत्या.

"देशील ना?"

"देईन की."

खरं सांगायला त्याला त्या क्षणी फार तर दहा सेकंद लागली असती. पुढच्या आठवड्यात त्याने ही दहा सेकंदं पुष्कळदा मोजली.

सात वाजता त्याने जिन्यात उभं राहून खालच्या मजल्यावर फोन लावला. ओळखीत विडी-सिगरेट, तपकीर, तंबाखू यांतलं काहीही आयुष्यात कधीही न शिवलेला एकच माणूस होता.

"दादा, एक काम होतं. एका प्रयोगशाळेत नवं यंत्र बसवतोय. लघवी तपासायचं. ते जुळवायला प्रमाण नमुना लागतो. पूर्ण निरोगी माणसाचा."

पलीकडे पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मीच का?" दादांनी विचारलं. आवाजात शंका नव्हती. त्यांना उत्तर ऐकायचं होतं.

"आपल्यात दुसरं कोण आहे?"

"तेही खरंच. या वयात सहा किलो उतरवलेत मी चार महिन्यांत, माहितीये ना? आहार तोच. फक्त शिस्त. आणि पाणी. दिवसाला पाच-पाच लिटर जातं. आपोआप जातं, तहानच तशी लागते. शरीर मागतं."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं."

"रात्रीचं जेवण लवकर घेतो मग. सकाळी फिरायला जायच्या आधी ये."

अशी ती बाटली आली. काटेवाल्याने न्हाणीघराचं दार लावून दवाखान्याच्या बाटलीत पन्नास मिली ओतली, रेघेला डोळा समांतर ठेवून, अगदी बरोबर पन्नास. उरलेली ओतून दिली. थोरल्या भावाची पट्टी सोलून, चुरगाळून खिशात ठेवली. बाहेर बायको उभी होती. तिने दोन्ही हातांनी बाटली घेतली.

"कोमट नाही रे."

"हवा थंड आहे."

ती साडेआठला बाटली दवाखान्यात देऊन दुकानात गेली.

मंगळवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी दुकानात फोन आला. दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, "निकोटिन नाही. अजिबात नाही. तपासणीची इतकी स्वच्छ पट्टी आम्ही फार दिवसांत पाहिली नाही." बायको आरशांच्या टेबलाशी खाली बसली. "पण ताई, साखर फार निघालीय. चार प्लस. त्याच बाटलीत बाकीच्या नेहमीच्या तपासण्या करतो ना आपण. शस्त्रक्रिया तूर्त थांबवलीय. उद्या नऊला मॅडमनी बोलावलंय. आणि ताई, घाबरू नका, पण टाळूही नका."

बायको शस्त्रक्रिया विसरली. चौदा आरशांत चौदा बायका तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या आणि त्या सगळ्यांना एकच गोष्ट कळत होती: साखर नवऱ्याला झालीय.

संध्याकाळी काटेवाला घरी आला तेव्हा टेबलावरून साखरेची बरणी गेली होती. बिस्किटं गेली होती. चहा बिनसाखरेचा होता आणि बायको त्याच्याकडे, मुलगा परगावी जायला निघाला होता त्या दिवशी पाहिलं होतं तसं पाहत होती.

"खरं सांग. तहान लागते ना तुला?"

"थोडी."

"रात्री उठतोस?"

"एखाद्या वेळेस."

"मला कळलंच नाही! मी आपली स्वतःच्या गालांच्या मागे." तिने त्याचा हात धरला. "ती अर्धी सिगरेट मी ओढली म्हणून हे कळलं बघ. नाही तर कळलंच नसतं आपल्याला."

काटेवाल्याच्या डोक्यात तेव्हा पाच लिटर पाणी, सहा किलो वजन आणि न्हाणीघरातल्या मुंग्या एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. त्याला सगळं कळलं. बिनसाखरेचा चहा त्याने घोट घोट करून पूर्ण प्यायला. त्याला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, हिचं रडणं थांबू दे, मग सांगावं. मग तिने त्याला लवकर झोपायला लावलं आणि अंगावर पांघरूण घालून म्हणाली, "दमला असशील." आजारी माणसाला मिळणारी ही माया त्याला गेल्या कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. ती एक रात्र त्याने ठेवून घेतली. आपल्याला याची सर्वांत जास्त लाज वाटते, असं त्याने नंतर सांगितलं.

बुधवारी नऊ वाजता दोघं सर्जनबाईंच्या समोर बसले. बायकोने खुर्चीवर टेकण्याआधीच कबूल करून टाकलं.

"मॅडम, ती बाटली माझी नव्हती. ह्यांची होती. मी शनिवारी अर्धी ओढली. मला शस्त्रक्रिया नको, पण ह्यांचं काय ते आधी बघा."

सर्जनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोटं बोलणारे इथे रोज येतात. दुसऱ्याची आणणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग त्या म्हणाल्या, "अर्धी सिगरेट ओढून दोन दिवस झाले होते. बहुतेक काही दिसलंही नसतं हो. मला फोन करायचात ना."

सर्जनबाईंनी परिचारिकेला हाक मारून दोघांनाही दोन छोट्या बाटल्या दिल्या आणि दोघांच्याही बोटांना सुई टोचायला सांगितलं.

"माझी कशाला? म्हणजे लघवी," काटेवाला म्हणाला. "साखर तर बोटातनंच कळते."

"आता या घरातलं काहीही मी तपासल्याशिवाय मानणार नाही," सर्जनबाई म्हणाल्या.

वीस मिनिटांनी परिचारिका कागद घेऊन आली. सर्जनबाईंनी ते पत्त्यांसारखे टेबलावर ओळीने लावले.

"हा सोमवारच्या बाटलीचा. निकोटिन शून्य, साखर चार प्लस. हा तुमचा, ताई. निकोटिन नाही, साखर नाही, सगळं उत्तम. आणि हा ह्यांचा. रक्तातली साखर अठ्ठ्याण्णव, म्हणजे अगदी नॉर्मल. निकोटिन…" त्यांनी काटेवाल्याकडे पाहिलं. "आज सकाळी ओढून आलात का?"

काटेवाल्याने खाली पाहिलं.

"म्हणजे सोमवारची बाटली तुम्हा दोघांपैकी कोणाचीच नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "तर ती कोणाची आहे?"

"दादाची," काटेवाला म्हणाला.

बायकोने दादांबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, "कधीपासून?"

"दादाला कधीपासून ते…"

"तू कधीपासून ओढतोयस?"

"पाचव्या दिवसापासून."

"म्हणजे गॅलरीत बसायचो तेव्हा? आईचं सांगितलं तुला, तेव्हाही?"

"हो."

तिने पिशवी उचलली. "तुझी दे म्हटलं तेव्हा तरी सांगायचंस रे. आपण दोघं मिळून हसलो असतो."

"घरचं घरी," सर्जनबाई म्हणाल्या. "ज्यांची बाटली आहे त्यांना या आठवड्यात डॉक्टरकडे न्या. वजन उतरतंय का त्यांचं?"

"सहा किलो."

"पुढच्या आठवड्याची वाट बघू नका मग. आणि ताई, तुम्हाला पुढच्या गुरुवारी वेळ आहे माझ्याकडे. हवी असेल तर."

दुपारी साडेबारा वाजता काटेवाला मुंग्यांच्या पावडरीचा डबा घेऊन खालच्या मजल्यावर गेला. दादा ताठ बसून पाणी पीत होते. शेजारी रिकामी बाटली होती आणि भरलेली बाटली होती.

"काय? जुळलं का यंत्र?"

"दादा, तुमच्या नमुन्यात साखर निघालीय. पुष्कळ. डॉक्टरांकडे जाऊ या आजच."

दादा हसले. शाळेत उशिरा येणारी मुलं सायकल पंक्चर झाल्याचं सांगत तेव्हा ते असेच हसत. "यंत्र नवं आहे ना?"

"हो, पण…"

"जुळवायचं होतं ना?"

"हो."

"आणि प्रमाण म्हणून मी होतो."

"हो दादा."

"मग तूच काय म्हणतोस नेहमी? काटा आणि प्रमाण यांचं जुळलं नाही, तर चूक कोणाची?"

काटेवाल्याने पावडरीचा डबा वहिनींकडे दिला.

"काट्याची," दादांनी स्वतःच उत्तर दिलं. "जा, यंत्र दुरुस्त कर. बावीस वर्षं हेच करतोयस, तुला मी शिकवायचं का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात पावडरीचा डबा होता आणि त्या तो उघडत नव्हत्या.

तो वर आला. बायको स्वयंपाकघरात उभी होती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळं?"

"साखरेचं सांगितलं."

"पटलं नसेलच त्यांना. तू त्यांच्या डोक्यात यंत्र घातलंयस. ते तूच काढ." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "माझंही सांग. गालांचं, सिगरेटचं, सगळं सांग. मला काही वाटणार नाही."

संध्याकाळी सहाला तो पुन्हा खाली गेला. या वेळी तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं: बायकोची शस्त्रक्रिया, बेचाळीस दिवस, अर्धी सिगरेट, गाडीतले हातमोजे. दादा ऐकत होते. मधे एकदा त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"म्हणजे यंत्र नव्हतंच."

"नव्हतं दादा."

"प्रमाण नमुना वगैरे…"

"मी बनवून सांगितलं."

"मी सोमवारी फिरायला गेलो तेव्हा सगळ्यांना सांगितलं," दादा म्हणाले. "बारा माणसं असतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, निवड कशी करतात, मला पण नाव द्यायचंय." त्यांनी पेला दूर सारला. "तीस वर्षं तुला सांगतोय, सोड. माझ्यासारखा राहा. आणि तू माझी ही… हिच्या नावानं…"

"चुकलो मी."

"चुकलास म्हणजे काय! लोकांना फसवायला तू मला प्रमाण केलंस."

तो दारापर्यंत गेला. मग वळून म्हणाला, "दादा, माझ्या पेटीतली वजनं आहेत ना, पितळेची, ती मी दर दोन वर्षांनी तपासायला पाठवतो. वरच्या कार्यालयात. त्यांच्यापेक्षाही बारीक वजनं असतात तिथं. जपून वापरली तरी झिजतात ती. त्यांचा काही दोष नसतो. पण मी पाठवतो, कारण सगळा बाजार त्यांच्यावर चालतो."

दादांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही.

गुरुवारी दादा फिरायला गेले, पण त्या बारा जणांच्या गटाबरोबर नाही. पलीकडच्या रस्त्याने एकटेच गेले आणि नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी परतले. दुपारी वहिनी वर आल्या आणि काटेवाल्याच्या बायकोशेजारी बसल्या.

"चार वेळा उठतात गं रात्री. मला वाटायचं, वय झालं. आणि ते म्हणायचे, शरीर शुद्ध होतंय." त्या खाली बघत म्हणाल्या. "मुंग्या तेवढ्याच जागी का येतात, हे मी कधी विचारलंच नाही. पावडर टाकत राहिले."

"आता काय म्हणतात?"

"बोलतच नाहीत. तुझ्या गालांचं मात्र मला विचारलं. म्हणाले, ती दमलेली दिसते असं कोण म्हणतं? मला तर ती नेहमी नीटच दिसते."

तिने वहिनींच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

संध्याकाळी गॅलरीत एकच खुर्ची होती. दुसरी आत, जेवायच्या टेबलाशी नेऊन ठेवली होती. काटेवाला दारातच उभा राहिला. त्याने खिशातून सिगरेटचं पाकीट काढून कठड्यावर ठेवलं. आत तीन उरल्या होत्या. शेजारी त्याने हातमोजे ठेवले. बोटांच्या टोकांना ते पिवळे पडले होते. ते घालून पुन्हा वजनांना हात लावणं आता शक्य नव्हतं.

"फेकू?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी माझी सोडलीय."

"पुढच्या गुरुवारची तारीख घेणार आहेस?"

"दादांचं कळू दे आधी." ती समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे बघत राहिली. मग तिने वळून त्याच्याकडे नीट पाहिलं, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम सरळ बसली आहे का हे पाहावं तसं, आणि विचारलं, "दमलास का?"

पण तिने उत्तराची वाट बघितली. तो म्हणाला, "हो."

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काटेवाल्याने दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर औषधाच्या दुकानातली एक नवी बाटली ठेवलेली होती. जिन्यात कोणी नव्हतं. खालचं दार बंद होतं. बाटलीवर पांढरी पट्टी होती आणि त्याच अक्षरांत नाव, वय सदुसष्ट, वेळ पाच पन्नास असं लिहिलं होतं. खाली, ओळ मोकळी सोडून, 'यंत्र आधी जुळवून घेणे' अशी सूचना होती. 'निरोगी' हा शब्द या वेळी नव्हता.

काटेवाल्याने बाटली दोन्ही हातांनी उचलली. कोमट होती. साडेआठ वाजता ती प्रयोगशाळेत पोचली. या वेळी ती ज्याची होती त्याच माणसाच्या नावाने पोचली. रक्त द्यायला दादा स्वतः येणार का, हे वहिनींनाही सांगता आलं नाही. काउंटरवरच्या मुलीने पावती दिली आणि अहवाल दुपारी चारनंतर मिळेल असं सांगितलं.